इंदुमतीबाईंची लॅटिनची संथा

हुबळीत लॅटिन शिकणारी माणसं किती असतील ते देव जाणे, पण प्रतिपदेला लॅटिनला सुट्टी देणारी एकच होती आणि ती विद्यानगरात राहत होती. इंदुमती नवलगुंदकर. मुलींच्या शाळेत जन्मभर संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, किडकिडीत, चालताना मिटलेली छत्री काठीसारखी टेकणाऱ्या. कितीही ऊन असलं तरी छत्री उघडायची नाही. उघड्या छत्रीखाली स्वतःचाच आवाज घुमतो आणि पाठात चूक झाली तर ती दुप्पट मोठी ऐकू येते, असं त्यांचं म्हणणं. रस्त्याने पुटपुटत, मोकळ्या हाताच्या बोटांनी ताल धरत जाणाऱ्या या बाईंना गल्लीतले नवे भाडेकरू जरा वचकून असत. जुन्यांना माहीत होतं की बाईंचं डोकं अगदी जागेवर आहे, त्या फक्त क्रियापदांचे धातू चालवताहेत.

सुट्टीचा प्रकार असा. बाईंचे वडील धारवाडचे शास्त्री. त्यांच्या घरात अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या आणि प्रतिपदा हे अनध्यायाचे दिवस, म्हणजे या दिवशी नवा पाठ द्यायचा नाही आणि घ्यायचा नाही. प्रतिपदेला घेतलेली विद्या झिजते, अशी त्या घराची पक्की समजूत. शाळेच्या नोकरीत बाईंना हे पाळता आलं नाही, कारण सरकारी वेळापत्रकाला तिथी कळत नाही. तेव्हा निवृत्तीनंतर स्वतःच्या हौसेने लॅटिन धरलं तशी बाईंनी सगळी जुनी हौस भागवून घेतली आणि लॅटिनला थेट शास्त्र्यांच्या घरात दत्तक घेतलं.

"अक्का, तुझ्या लॅटिनला सोयर-सुतक पण लागतं का गं?" वत्सला विचारायची. वत्सला ही बाईंची धाकटी बहीण. जुन्या हुबळीत तिच्या नवऱ्याचं भांड्यांचं दुकान होतं. तो गेल्यावर दुकान पुतण्यांवर सोपवून ती अक्काकडे राहायला आली होती, येताना दुकानातली जीभ मात्र बरोबर घेऊन आली होती.

"लागतं," बाई शांतपणे सांगायच्या. "चहा टाक."

या लॅटिनची सुरुवात शेजारच्या प्रियामुळे झाली. प्रिया वकिलीच्या परीक्षेला बसली होती आणि गॅलरीत येरझाऱ्या घालत मोठमोठ्याने पाठ करायची. अ‍ॅफिडेव्हिट. कॅव्हिएट. मँडॅमस. अलीकडच्या गॅलरीत बाई तांदूळ निवडत बसलेल्या. निवडता निवडता त्यांचा हात थांबला.

"प्रिया, हे काय म्हणते आहेस गं?"

"कोर्टातले शब्द आहेत मावशी. नावं."

"नावं कशी असतील?" बाई म्हणाल्या. "त्यातल्या दोघांच्या शेवटी 'त' वाजतोय. आणि तो तिसरा 'मस्'वर संपतोय. गच्छति, गच्छामः. मला तर हे सगळे धातू चालताना दिसताहेत."

प्रियाने फोनवर बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले. अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे 'त्याने शपथेवर सांगितलं आहे'. कॅव्हिएट म्हणजे 'त्याने जपून असावं'. मँडॅमस म्हणजे 'आम्ही आज्ञा करतो'. सगळी क्रियापदं, आणि शेकडो वर्षं बिचारी नामाच्या वेषात कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती. प्रियाला गंमत वाटली आणि ती पुढच्या पानावर गेली. बाईंना मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपल्या ओळखीचं माणूस परक्या गावात, परक्या कपड्यांत अचानक समोर यावं तसं त्यांचं झालं होतं.

फोनवर मिळतं ते ज्ञान बाईंना ज्ञान वाटत नसे. ज्ञान म्हणजे संथा. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने तेच दोनदा म्हणायचं, समोर बसून, गुरूच्या तोंडून शिष्याच्या तोंडात. मग हुबळीत लॅटिनला तोंड कुणाचं आहे, याची चौकशी सुरू झाली आणि ती चौकशी केश्वापुरात फादर पास्कल यांच्या दारात येऊन थांबली.

फादर मूळचे खानापूरचे, तेव्हा मराठी त्यांच्या घरचीच. पुढे कोकणी, कानडी, इंग्रजी असं बरंच काही अंगावर चढलेलं. ऐंशी ओलांडलेले, दृष्टी जवळजवळ गेलेली, गोलमटोल, आणि हसू आलं की आधी पोट हलायचं, आवाज नंतर बाहेर पडायचा. प्रार्थना चालवायचं काम आता तरुण फादर करत. हे मागच्या छोट्या घरात राहत, आणि त्यांचं जेवणखाण पार्वती बघायची. अशा घराच्या पायरीवर एके दिवशी नऊवारी नाही पण त्याच तोऱ्याची सहावारी नेसलेल्या बाई नारळ आणि पेढे घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला लॅटिनची संथा हवी."

फादरांना वाटलं, कुणीतरी चुकून आलंय. "बाई, हितं लॅटिन आता देवसुद्धा बोलत न्हाई ओ."

"देवाचं मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोलता की नाही?"

फादरांचं पोट हललं. शिकवणी ठरली. रोज दुपारी चारला. रविवार फादरांचा, अनध्याय बाईंचे. गुरुदक्षिणेचा विषय काढला तेव्हा फादरांनी कानांवर हात ठेवले. गुरुपौर्णिमेला बाई वाकून नमस्कार करायच्या तेव्हा ते इतके अवघडायचे की दोन्ही हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळायचं नाही. नाताळात मात्र ते उट्टं काढायचे. पार्वतीच्या मागे लागून बिनअंड्याचा केक करून घ्यायचे आणि "शास्त्र्यांच्या पोरीचा शिधा" म्हणून डबा भरून द्यायचे.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. फादर म्हणाले, "आमो, आमास, आमात." मी प्रेम करतो, तू करतोस, तो करतो. बाईंनी उत्तर दिलं, "आमात, आमान्त." तो करतो, ते करतात.

"असं न्हवं ओ. मी म्हटलं तसं म्हणा. आधी 'मी'."

"आमच्यात 'मी' शेवटी येतो. आधी तो, मग तू, मग मी. संस्कृतात पहिलीपासून असंच पाठ करतात."

"सगळं जग 'मी'पासून सुरू करतंय की ओ!"

"म्हणूनच जगाचं हे असं झालंय," बाई म्हणाल्या.

यावर तडजोड झालीच नाही. सहा-सात वर्षं फादर आपल्या क्रमाने संथा देत राहिले आणि बाई तीच रूपं उलट्या क्रमाने, शाळेतल्या मुलींना लावून दिलेल्या चालीवर दोनदा म्हणून परत करत राहिल्या. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत एकाच भजनाची दोन मंडळं हट्टाला पेटली आहेत. पार्वती भांडी घासताना तीच चाल गुणगुणायची आणि तिला एका शब्दाचाही अर्थ माहीत नव्हता.

पण अर्थाच्या बाबतीत फादर मोठे चिवट. रूपं पाठ झाली की बाईंना वाटायचं, जिंकलं. फादर म्हणायचे, "बाई, हे नुसतं कुलूप झालं. किल्ली वापरात असते." एकदा त्यांनी 'आगो' हा धातू दिला. बाईंनी अर्थ पाठ केला, हाकणे. मी गुरं हाकतो. ठीक. मग फादरांनी 'ग्रातियास आगो' दिलं आणि भाषांतर मागितलं. ग्रातियास म्हणजे आभार. बाईंनी बेधडक सांगितलं, "मी आभार हाकतो." फादरांचं पोट जे हलायला लागलं ते थांबेना. डोळ्यांना पाणी आलं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की त्याच धातूने गुरं हाकायची, आभार मानायचे, खटला चालवायचा, नाटकात काम करायचं आणि आयुष्यही काढायचं. माणूस जन्मभर जे काही करतो ते बहुतेक 'आगो'च असतं.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी सूड घेतला. "फादर, तुमचं मराठी चांगलं आहे ना? मग 'लागणे' म्हणजे काय ते सांगा."

"लागणे म्हणजे... मार बसणे. ठेच लागते."

"भूक लागते, तेव्हा कुठे मार बसतो? वेळ लागतो. वेड लागतं. झोप लागते. निकाल लागतो. ती माझी मावशी लागते. आंबा गोड लागतो. आणि पार्वती भांडी घासायला लागते."

 फादर बोटांवर मोजत म्हणाले, "आणि कानडीत पण तेच की ओ. पार्वती म्हणती न्हवं, 'कायाक हत्त्यार'." पार्वती रोज दार उघडताना तेच म्हणायची, "बर्री अक्का, फादर कायाक हत्त्यार." या अक्का, फादर वाट बघायला लागलेत. मराठीतला 'लागणे' धारवाडच्या कानडीत 'हत्तू' होऊन बसला होता आणि रोज दारात बाईंचं स्वागत करत होता. त्या दिवशी पाठ झालाच नाही. दोघं म्हातारी लहान मुलांसारखी एकमेकांना 'लागणे'ची वाक्यं टाकत बसली. पिबति आणि बिबित, वमति आणि वोमित हे सख्खे भाऊ आहेत हे कळलं तेव्हाही असंच झालं होतं. पिणं आणि ओकणं दोन्हीकडे सारखंच, म्हणून बाईंनी नाक मुरडलं, तर फादर म्हणाले, "माणूस दोन्हीकडं सारखाच ओ बाई."

घरी येऊन बाई हे सगळं वत्सलाला सांगायच्या. वत्सला पोळ्या लाटत ऐकायची आणि म्हणायची, "एवढं शिकून तू करणार काय?" या प्रश्नाचं उत्तर द्यायची बाईंना गरजच वाटत नसे. पाठाला निघायची वेळ झाली की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते वत्सलाला दिसायचंच. म्हणून ती साडेतीनलाच चहा टाकायची.

बाईंचा आणखी एक नियम होता आणि तो अनध्यायापेक्षा कडक. पाठ अर्धा सोडायचा नाही. शाळेत घंटा झाली, मुली दप्तरं आवरायला लागल्या, तरी बाई हातातला धातू पुरा चालवल्याशिवाय खडू खाली ठेवायच्या नाहीत. मुलींच्या बस चुकायच्या, मुख्याध्यापिका बोलायच्या, बाई ऐकून घ्यायच्या. "उरलेलं उद्या" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते.

कारण फक्त वत्सलाला माहीत होतं आणि फार वर्षांनी फादरांना. इंदुमती कॉलेजात असतानाची गोष्ट. वडील रोज पहाटे संथा द्यायचे. एका पहाटे देता देता त्यांना थकवा वाटला. अर्ध्यावर थांबले, डोळे मिटले आणि म्हणाले, "उरलेलं उद्या, इंदू." दुपारी ते गेले. शाळकरी वत्सला दारात उभी होती, तिने ते शब्द ऐकले होते. उरलेला अर्धा पाठ पुढे कुणाकडूनही घेता आला असता, पुस्तकातही होता. पण इंदुमतीने तो घेतला नाही. तो तसाच आत कुठेतरी अडकून राहिला, आणि तेव्हापासून अर्धा राहिलेला पाठ बाईंना बघवत नसे.

यंदा दिवाळी संपता संपता फादरांना वरून निरोप आला. त्यांच्या संघाचं मंगळुरूजवळ म्हाताऱ्या फादरांसाठी घर आहे, तिथे डॉक्टर आहेत, नर्स आहेत, आता तिकडे जावं. फादरांनी बाईंना सांगितलं ते अगदी सहज, पार्वतीला चहात साखर कमी घाल म्हणावं तसं. बाईही सहजच म्हणाल्या, "बरं झालं. इथे तुमचं पथ्य कुणी बघत नाही." मग त्यांनी पिशवीतून पंचांग काढलं.

गाडी मार्गशीर्ष शुद्ध तृतीयेला येणार होती. तोवर काय काय उरलंय त्याचा हिशेब दोघांनी लावला. व्याकरणातले अनियमित धातू चालू होते आणि सगळ्यात शेवटचा उरला होता जाण्याचा. फादरांना वाटलं, आता बाई काहीतरी बोलतील. बाई पंचांगच बघत राहिल्या. अगदी शेवटी अमावास्या आणि प्रतिपदा आड येत होती, तरी द्वितीयेला पाठ पुरा होत होता. काही राहत नव्हतं.

"पुरा होईल," त्या म्हणाल्या.

"होईल की," फादर म्हणाले.

त्रयोदशीला शेवटचा धातू सुरू झाला. त्याला पुढे उपसर्ग जोडले की संस्कृतासारखाच तो रंग बदलायचा. आदित, जवळ जातो. आबित, निघून जातो. एक्झित, बाहेर जातो. म्हणजे सिनेमाच्या थिएटरात दारावर लाल दिव्यात लिहिलेलं असतं तेही क्रियापदच, हे कळल्यावर बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते दोनदाच्या ऐवजी चारदा म्हटलं. 'एक्झित' पुरा झाला आणि फादरांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. पार्वती आतून आली, तिने कपाळाला हात लावला आणि बाईंकडे बघून नुसती मान हलवली. उरला होता एकच. रेदित, परत येतो.

चतुर्दशीला फादर तापात झोपून होते. बाई तासभर खुर्चीत बसून आल्या. अमावास्येला अनध्याय. आणि त्याच दिवशी दुपारी पार्वतीचा फोन आला. ताप उतरला होता, पण मंगळुरूची गाडी दुसऱ्या एका फादरांना घेऊन हुबळीवरूनच जाणार होती, म्हणून उद्याच नेणार. जेवणानंतर.

बाईंनी फोन ठेवला. वत्सलाने काही विचारलं नाही, कारण भिंतीवरचं कॅलेंडर तिलाही वाचता येत होतं. उद्या प्रतिपदा.

"नंतर फोनवर घे ना अक्का," ती हळूच म्हणाली. "सगळं जग घेतंय."

"फोनवर संथा होत नाही."

लॉकडाउनच्या दिवसांत फादरांनीही हेच सुचवलं होतं आणि बाईंनी तेच उत्तर दिलं होतं. कित्येक महिने त्या घरात बसून जुनेच धातू चालवत राहिल्या, पण नवा पाठ त्यांनी फोनवर घेतला नाही. त्यामुळे वत्सलाने पुढे बोलून उपयोग नव्हता. तिने वांगी चिरायला घेतली. थोड्या वेळाने तिच्या पाठीमागून आवाज आला.

"उद्या सकाळी मी जाऊन पाठ घेणार आहे."

वत्सलाने विळीवरून मान वर केली. "प्रतिपदेला?"

"प्रतिपदेला."

आयुष्यात ज्या बाईने प्रतिपदेला स्वतःसाठी पुस्तक उघडलं नाही ती बाई हे बोलत होती. वत्सलाला थट्टा सुचली होती, पण अक्काचा चेहरा बघून तिने ती गिळली. "मग नारळ घेऊन जा," एवढंच म्हणाली. "मोठा बघून आणते मी."

सकाळी बाई केश्वापुरात पोचल्या तेव्हा दारात पार्वती नव्हती. ती आत फादरांचे कपडे बॅगेत भरत होती. फादर स्वच्छ पांढरा झगा घालून खुर्चीत बसले होते, पायांत मोजे, हातात काठी, शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलासारखे तयार. बाईंच्या पावलांचा आवाज त्यांना ओळखता येई. त्यांनी मान वर केली.

"बसा की ओ बाई."

बाई बसल्या. नारळ टेबलावर ठेवला. घसा साफ केला. "फादर, रेदितची संथा द्या. मी तयार आहे."

फादरांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आज तिथी काय?"

"ते राहू दे. मी माझा नियम मोडतेय. तुम्ही म्हणा."

"आज प्रतिपदा न्हवं? मी मोजतो बाई. इतकी वरसं तुमच्या तिथ्या मोजून मोजून मी निम्मा शास्त्री झालोय. प्रतिपदेला विद्या झिजती म्हणून तुमीच सांगितला. मी न्हाई शिकवणार."

बाईंना वाटलं, थट्टा चाललीय. त्या थांबल्या. फादरांचं पोट हललं नाही.

"फादर, तुम्हाला माहीत आहे," त्यांचा आवाज चढला, "अर्धा राहिला तर माझं काय होतं ते वत्सलाशिवाय तुम्हाला एकट्यालाच माहीत आहे."

"माहीत हाय."

"मग?"

"उरू दे की ओ थोडं," फादर म्हणाले. इतक्या मऊ आवाजात म्हणाले की बाईंना आणखीच राग आला. वयाचा मान, गुरूचा मान, सगळं बाजूला ठेवून त्या बोलल्या. तुमच्यासाठी मी वडिलांचा नियम मोडायला निघाले आणि तुम्हाला खेळ सुचतोय, असं म्हणाल्या. आणखीही काही म्हणाल्या. पार्वती कपड्यांची घडी हातात धरून दारात उभी राहिली. फादर खाली मान घालून ऐकत होते. मध्येच त्यांनी हात पुढे केला, पण बाई नेमक्या कुठे आहेत ते त्यांना दिसत नव्हतं, आणि बाईंना दिसला तरी त्यांनी तो धरला नाही.

बाई उठल्या. नमस्कारही केला नाही. छत्री टेकत गेटापर्यंत आल्या, आणि तिथे उभ्या राहिल्या. परत जावं असं फार वाटलं. पण राग अजून अंगात होता आणि बस समोर येत होती. त्या बसमध्ये चढल्या.

घरी वत्सलाने दार उघडलं. "झाला पाठ?" बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि आपल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. दुपारी गाडी सुटायच्या वेळेला त्या उठून बसल्या, घड्याळाकडे बघितलं, आणि मग भिंतीकडे तोंड करून परत निजल्या. वत्सलाने ताट झाकून ठेवलं. तिला फादरांचा राग आला होता आणि अक्काचाही. म्हातारपणी माणसं जास्त शहाणी व्हावीत की कमी, असं ती ओट्याशी बोलत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला वत्सलाने सवयीने चहा टाकला. टाकल्यावर तिच्या लक्षात आलं, पण आता आधण उकळत होतं. तिने बाहेर डोकावून बघितलं. अक्का बाहेरच्या खुर्चीत बसली होती, बाहेर जायची साडी नेसून, छत्री मांडीवर. जायचं कुठेच नव्हतं. काल शेवटचं बोलून आलो ते काय बोलून आलो, हे ती मनात उगाळत होती, आणि तो आंधळा हात तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

चार वाजले आणि बाईंचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"बाई?" आवाज खोल, घोगरा, प्रवासाने दमलेला. मागे कुणीतरी तुळूत कुणाला तरी हाक मारत होतं. "हितल्या सिस्टरांकडून लावून घेतला फोन. आज तिथी काय ओ?"

 "द्वितीया," त्या म्हणाल्या.

"मग आज अनध्याय न्हाई?"

"नाही."

"फोनवर संथा होत न्हाई म्हणून तुमी उचलणार न्हाई, अशी भीती होती मला. काल पाठ पुरा करून दिला असता तर आज फोन कशाला उचलला असता? पुरं झालं म्हणून नारळ फोडून मोकळ्या झाल्या असता. म्हणून उरवला थोडा. रागवला असाल."

"रागावले होते," बाई म्हणाल्या. "फादर, मी काल नमस्कार न करता आले."

"मला कुठं दिसतंय ओ, केला का न्हाई ते," फादर म्हणाले, आणि फोनमध्ये काहीतरी खरखरलं. पोट हललं असणार. "चला. म्हणा."

बाई सरळ बसल्या. फोन कानाला घट्ट लावला. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांना ठाऊक होतं काय येणार ते. रेदेओ. मी परत येतो. फादर कधीही 'मी'शिवाय सुरू करत नसत.

"रेदित, रेदेउन्त," फादर म्हणाले. तो परत येतो, ते परत येतात.

 क्रम बाईंचा होता. चालही बाईंचीच, त्यांच्या शाळेतल्या मुलींची, थोडी बेसूर, पण तीच. जन्मभर 'मी'पासून सुरू करणारा माणूस मंगळुरूला जाऊन त्यांच्या घरच्यासारखं म्हणत होता. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर ताल धरत होती.

"रेदित, रेदेउन्त. रेदित, रेदेउन्त."

"रेदिस, रेदितिस."

"रेदिस, रेदितिस. रेदिस, रेदितिस."

आता एकच जोडी उरली होती, 'मी'ची. पलीकडे फादरांनी श्वास घेतलेला बाईंना ऐकू आला. वत्सला दोन्ही हातांत पुन्हा गरम केलेल्या चहाचे कप घेऊन दारात आली होती आणि तिथेच थांबली होती.

"थांबा, फादर," बाई म्हणाल्या.

"का ओ? एवढंच तर हाय."

बाईंनी छत्री मांडीवरून उचलून भिंतीला लावून ठेवली. मग त्या बोलल्या, आणि दारातल्या वत्सलाला वाटलं की तिचे कान फसवताहेत.

"आज एवढंच," बाई म्हणाल्या. "उरलेलं उद्या."

फोनमध्ये पुन्हा तीच खरखर झाली. 

"बरं," फादर म्हणाले. "चारला लावतो."